मातलेच्या बांधावरून

प्रशासनात ‘फिरती’ या शब्दाला एके काळी मोठी प्रतिष्ठा होती. जिल्ह्याचा अधिकारी वर्षातील काही महिने मुक्कामाबाहेर असे. तंबू पडत, गावे पायाखाली येत आणि दप्तरातील नोंद व शेतातील वस्तुस्थिती यांची गाठ पडे. पुढे वाहने आली, रस्ते झाले, मग संगणकाच्या पडद्यावर नकाशे आले. ही सारी प्रगतीच आहे. मात्र या प्रगतीत एक गोष्ट मागे पडली, ती म्हणजे चालण्याचा वेग. ताशी चार किलोमीटर वेगाने जाणाऱ्या माणसाला जे दिसते, ते ताशी साठने जाणाऱ्याला दिसत नाही.

इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर सुमारे एक हजार किलोमीटर लांबीची एक पायवाट आहे. माझी भाची तिकडे स्थायिक आहे. ती दर उन्हाळ्यात या वाटेचा एखादा टप्पा मार्गदर्शकासह चालते आणि छायाचित्रे पाठविते. ही वाट मूळची सहलीसाठी झालेली नव्हे. चोरट्या मार्गाने माल उतरविणाऱ्यांवर पाळत ठेवण्यासाठी तटरक्षक शिपाई एका दीपगृहापासून दुसऱ्यापर्यंत रोज पायी गस्त घालीत. प्रत्येक खाडी व प्रत्येक कपार नजरेखाली यावी म्हणून वाट कड्याच्या अगदी काठाने गेली. गस्त संपली, वाट उरली आणि आज ती लोकांच्या विरंगुळ्याची जागा झाली आहे. सरकारी कर्तव्यातून इतकी देखणी वस्तू निर्माण होऊ शकते, हे आम्हां नोकरदारांना दिलासा देणारे आहे.

आपल्याकडे अशी वाट आहे काय? मी गेली काही वर्षे कोलकात्यात आहे आणि माझे निवासस्थान सियालदह स्थानकापासून दूर नाही. माझ्या मते अशी एक वाट सियालदहच्या दक्षिण विभागातून सुटणाऱ्या कॅनिंग लोकलच्या शेवटच्या स्थानकावर सुरू होते. तिला नाव नाही, फलक नाहीत. ती म्हणजे सुंदरबनाच्या वस्तीच्या बेटांभोवती घातलेल्या मातीच्या बांधाचा माथा. या बांधांची एकूण लांबी सुमारे साडेतीन हजार किलोमीटर भरते आणि त्यांच्या आधाराने ४० लाखांहून अधिक माणसे भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली राहतात. गेल्या पौषात एका छोट्या स्थानिक मंडळाने या बांधावरून तीन दिवसांची मार्गदर्शित पदयात्रा आखली होती. कोलकात्यातील आम्ही सात मराठी माणसे तीत सामील झालो. एकूण चाल जेमतेम पस्तीस किलोमीटरची. मधले काही टप्पे भटभटी नावाच्या यांत्रिक होडीने आणि सामान तीनचाकी भॅनवर. वयाची पन्नाशी उलटलेल्यांना झेपेल असा हा बेत होता.

पहाटेच्या लोकलमध्ये बसायला आम्हांला ऐसपैस जागा मिळाली, कारण त्या वेळी गर्दीचा ओघ उलट दिशेने असतो. समोरच्या फलाटावर कॅनिंगहून आलेली गाडी रिकामी होत होती. मासळीच्या पाट्या आणि भाजीच्या टोपल्या उतरत होत्या. त्यांच्या मागोमाग शेकडो बायका झपाझप चालत बाहेर पडत होत्या. कोलकात्यातील असंख्य घरांची धुणीभांडी, स्वयंपाक आणि म्हाताऱ्यांची शुश्रूषा या बायका करतात. आमच्यातील एक वहिनी म्हणाल्या, “आमच्याकडची मावशीसुद्धा याच गाडीने येते. पण ती राहते कुठे, हे मी कधी विचारलंच नाही.” ती कुठे राहते आणि रोज पहाटे का येते, याचे उत्तर पुढच्या तीन दिवसांत हळूहळू मिळत गेले.

कॅनिंग हे गाव म्हणजे एका फसलेल्या योजनेचे स्मारक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हुगळी नदी गाळाने भरून कोलकाता बंदर निकामी होईल, अशी भीती व्यापाऱ्यांना वाटू लागली. पर्याय म्हणून आग्नेयेकडील मातला नदीच्या काठी नवे बंदर वसविण्याचे ठरले. ‘मातला’ या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. बंगालीतही तो तोच, बेभान झालेला. नाव ऐकूनच सावध व्हावे, अशी ही नदी. त्या काळी कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन नावाचे एक गृहस्थ वादळांचा अभ्यास करीत होते. ‘सायक्लोन’ हा शब्द १८४८ मध्ये त्यांनीच रूढ केला. सापाच्या वेटोळ्यावाचक ग्रीक शब्दावरून तो त्यांनी घडविला. १८५३ मध्ये त्यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना जाहीर पत्र लिहून बजावले की, येथे बंदर बांधल्यास एक ना एक दिवस वादळी लाट सगळ्या वसाहतीवरून जाईल. त्यांचे कोणी ऐकले नाही. बंदर उभे राहिले, त्याला पुढे लॉर्ड कॅनिंग यांचे नाव मिळाले आणि सियालदहहून लोहमार्गही टाकला गेला.

या कथेत मुंबईही आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते आणि १८६४-६५ मध्ये मुंबईत समभागांचे जे वेड पसरले, त्यात बॅक बेच्या जोडीला पोर्ट कॅनिंगचेही समभाग होते. ज्यांनी मातला नदी कधी पाहिली नव्हती, त्यांनी तिच्या काठच्या चिखलावर पैसे लावले. युद्ध संपले, कापूस उतरला आणि १८६५ च्या जुलैमध्ये मुंबईचा फुगा फुटला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६७ च्या नोव्हेंबरात, पिडिंग्टन यांनी वर्तविलेले वादळ आले. पिडिंग्टन त्यापूर्वीच, १८५८ मध्ये, निवर्तले होते. लोहमार्ग कंपनी १८६८ मध्ये आपला मार्ग सरकारच्या स्वाधीन करून मोकळी झाली. बंदर काही वर्षांतच सोडून देण्यात आले. नदीही पुढे गाळाने इतकी भरली की आज ओहोटीच्या वेळी तिचे पात्र पाहून येथे समुद्रगामी जहाजे येत असत, यावर विश्वास बसू नये. पैलतीरावरच्या घाटाला मात्र अजून ‘डकघाट’ म्हणतात. गोदी गेली, नाव राहिले.

मातलेवरचा पूल ओलांडून आम्ही बांधावर चढलो. आमचे मार्गदर्शक एक निवृत्त शिक्षक होते. सारे त्यांना मास्टरमशाय म्हणत, म्हणून आम्हीही तसेच म्हणू लागलो. बांधाच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला नुकतेच कापणी झालेले भाताचे शेत. प्रथमदर्शनी विशेष काही वाटत नाही. मग भरती सुरू झाली आणि दृश्य पालटले. तासाभराने थांबून पाहिले तर नदीचे पाणी शेताच्या वर होते. उजवीकडे पाणी छातीच्या उंचीवर, डावीकडे घराचा उंबरठा पायाच्या खाली, मधे दोन-अडीच पावले माती. यापूर्वी ‘पूरसंरक्षण’ हा शब्द मी शेकडो वेळा वाचला होता. त्याची रुंदी अडीच पावले आहे, हे मला त्या दिवशी कळले.

मास्टरमशायनी याचे कारणही सांगितले. भरतीबरोबर येणारा गाळ थरावर थर साचून जमीन उंच होण्याआधीच, लागवडीच्या घाईने, येथील जंगल तोडून बांध घातले गेले. तेव्हापासून गाळ शेतात येत नाही. तो नदीच्या तळाशी बसतो. त्यामुळे नदी वर चढते आणि शेत आहे तेथेच राहते. म्हणजे ज्या बांधाने जमीन वाचविली, त्यानेच तिला कायमचे खोलगट करून ठेवले. मार्गच मागे फिरता येणार नाही असा निवडला गेला आहे.

ते चालताना मधेच वाकून मातीत बोट घालीत. खेकड्यांनी केलेल्या बिळांतून पाणी झिरपू लागते. त्या झिरपणीच्या वाटेला येथे ‘घोग’ म्हणतात. “दादा, बांध लाटेने फुटतो असं शहरात समजतात,” ते म्हणाले. “लाट शेवटी येते. आधी घोग असतो. पूर्वी बेलदार रोज बांधावरून फिरायचा, घोग दिसला की माती भरायचा. त्याला रोज दहा टोपल्या माती लागायची. आता दहा वर्षांनी एकदा दहा कोटींची माती लागते.” देखभाल आणि उभारणी यांतील फरक इतक्या थोडक्या शब्दांत मी कोणत्याही अर्थसंकल्पीय टिपणात वाचलेला नाही. उभारणीचे उद्घाटन होते, देखभालीचे होत नाही. म्हणून देखभाल नेहमी उपाशी राहते.

वाचकहो, येथे मला थोडे स्वतःविषयी सांगितले पाहिजे. आमचे मूळ गाव अलिबाग तालुक्यात खाडीकाठी आहे आणि आमची भातशेती खारजमिनीतील आहे. त्यामुळे मास्टरमशाय बोलू लागले तेव्हा मला परका प्रदेश पाहत असल्यासारखे वाटेना. त्यांचा घोग म्हणजे आमच्याकडचे चिंबोरीचे बीळ. त्यांच्याकडची पाण्याची झडप म्हणजे आमची उघाडी. बांध फुटून पडलेले भगदाड म्हणजे आमची खांड. आमच्याकडे समुद्राच्या बाजूचा तो बाहेरकाठा आणि शेतांच्या मधला तो आंतरकाठा. बाहेरकाठ्याच्या दुरुस्तीसाठी खारीतील प्रत्येक घराने माणूस पाठवायचा, अशी जुनी रीत होती. तिला ‘जोळ’ म्हणत. ज्याचे शेत काठ्यापासून सर्वांत दूर, त्यालाही जोळ चुकत नसे, कारण खारे पाणी आत शिरले की ते कोणाचे शेत कोणते ते विचारीत नाही.

ही रीत का मोडली, याची चर्चा दुसऱ्या मुक्कामी रात्री बराच वेळ चालली. बंगालमध्ये बांधांची जबाबदारी जमीनदारांवर होती. ते ती प्रेमाने पार पाडीत असे नव्हे. बांध फुटला तर खंड बुडत असे, म्हणून पार पाडीत. १९५३ च्या कायद्याने जमीनदारी गेली आणि बांध सरकारकडे आले. कोकणात खोतीचे तसेच झाले. अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, हाल सोसले. त्या लढ्याच्या पुण्याईवर पुढे १९४९ मध्ये खोती रद्द झाली. त्याच सुमारास, १९४८ मध्ये, मुंबई राज्यात खारजमिनींसाठी कायदा झाला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राचा नवा कायदा आला. जमीनदार आणि खोत गेले हे न्याय्यच झाले. त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. परंतु शोषण करणारा जो हात दूर केला, त्याच हाताकडे बांधावर माती टाकण्याचे कामही होते. ते काम कोणाच्या हाती गेले? कागदावर ते शासनाच्या हाती गेले. आणि एकदा ते शासनाचे झाल्यावर गावाचे उरले नाही. जोळ कोणी बंद केली नाही. ती आपोआप बंद पडली.

तिसऱ्या दिवशी आम्ही गोसाबाला होतो. येथे सर डॅनियल हॅमिल्टन या स्कॉटिश व्यापाऱ्याने १९०३ पासून एक वेगळा प्रयोग केला. बेटे घेऊन त्याने बांध घातले, भूमिहीनांना वसविले, सावकाराला बंदी केली आणि सहकारी संस्था काढल्या. रवींद्रनाथ ठाकूर १९३२ च्या अखेरीस हा प्रयोग पाहायला आले होते. मला सर्वांत कुतूहल होते ते हॅमिल्टनने १९३६ मध्ये काढलेल्या एक रुपयाच्या नोटेचे. तिच्या मागे सोने वा चांदी नव्हते. निर्जीव नाण्यापेक्षा जिवंत माणसाचे श्रम हेच तिचे तारण, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर होता. उत्पन्न केलेली जमीन, खोदलेली तळी, बांधलेली घरे हा तिचा लाभांश. अर्थशास्त्राचा पदवीधर म्हणून चलनविषयक सिद्धान्तावर मी या नोटेची परीक्षा घेऊ शकतो आणि तिच्यात उणिवाही काढू शकतो. तिचा व्यवहार एका जमीनमालकाच्या शब्दावर अवलंबून होता. १९३९ मध्ये तो वारल्यावर प्रयोगाचा जोर ओसरला. तरीही तिच्यातली कल्पना मला परकी वाटली नाही. श्रम हीच पत आणि बांध हाच लाभांश, हे जोळीचेच तत्त्व कागदावर छापलेले होते. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी राबविली तेव्हाही याच तत्त्वाला शासनाने हात घातला होता.

मग प्रश्न कोठे अडतो? २५ मे २००९ रोजी ‘आयला’ चक्रीवादळाने येथील शेकडो किलोमीटर बांध उद्ध्वस्त केले. शेतात शिरलेले मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जावे लागले. तोवर पुरुष केरळ, तमिळनाडूकडे मजुरीला गेले आणि बायकांनी पहाटेची लोकल धरली. त्यानंतर सुमारे ५,००० कोटी रुपयांची बांधांच्या पुनर्बांधणीची योजना मंजूर झाली. पैसा मंजूर होता, आराखडा होता; तरी प्रत्यक्ष काम फारच थोड्या लांबीचे झाले. कारणांतील प्रमुख कारण जमीन. उंच बांधाला रुंद पाया लागतो आणि तो पाया कोणाच्या तरी शेतात पडतो. काठच्या शेतकऱ्याने आपली जमीन द्यायची आणि रक्षण मात्र आतल्या साऱ्यांचे व्हायचे, असा हा हिशेब आहे. जमीन मिळाली नाही म्हणजे नदीने खाल्लेल्या बांधाच्या आत दुसरा, वळसा घालणारा बांध उभा राहतो. मधला पट्टा नदीला सोडून दिला जातो आणि तो पट्टा पुन्हा त्याच काठच्या माणसाचा असतो. मे २०२० मध्ये ‘अम्फान’ आणि मे २०२१ मध्ये ‘यास’ आले, तेव्हा हेच पुन्हा घडले.

मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ मध्ये मांडले की, लाभ सर्वांना मिळणार असेल तर भार उचलायला कोणी पुढे येत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी त्यावर जगभरची उदाहरणे देऊन दाखविले की, नियम लोकांनी स्वतः केले, पाळत स्वतः ठेवली आणि भार न्याय्य वाटला तर लोक पुढे येतात. त्यांना नोबेल मिळाले ते २००९ मध्ये, आयलाच्याच वर्षी. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. जोळ चालू होती तेव्हा आमचे गाव ऑस्ट्रॉम यांच्या पुस्तकात शोभले असते. ती बंद पडल्यावर ऑल्सन यांच्या.

माझ्यासाठी हा विषय केवळ पुस्तकी नव्हता. निघण्यापूर्वी धाकट्या भावाचे पत्र आले होते. आमच्या खारीचा बाहेरकाठा जीर्ण झाला आहे. आमची खार खाजगी आहे, तेव्हा दुरुस्ती शेतकऱ्यांनीच करायची. गावाने बांध रुंद करण्याचे ठरविले असून त्यासाठी काठालगतच्या चौघांच्या जमिनीची पट्टी जाते. त्यांत आमची सहा गुंठे. मोबदला नाही. दुसरीकडे एक गिऱ्हाईक सारी जमीन घ्यायला तयार आहे आणि भाव चांगला आहे. “दादा, तू म्हणशील तसं,” असे भावाने लिहिले होते. आम्ही चौघांनी नकार दिला तर बांध होणार नाही आणि मागची साठ-सत्तर घरे उघडी पडतील. होकार दिला तर जे सर्वांत जास्त धोक्यात आहेत, त्यांनीच सर्वांत जास्त द्यायचे, हा अन्याय पुढे चालू राहील.

मी मास्टरमशायना हे सांगितले आणि त्यांच्या गावी काय केले असते, असे विचारले. ते थोडा वेळ चालत राहिले. मग म्हणाले, “जमीन द्या म्हणून कोणी सांगू नये. पण मागच्यांनी काय द्यायचं, हे आधी ठरवा. ते ठरलं की पुढचे देतात.”

परतल्यावर मी भावाला सविस्तर पत्र लिहिले. जमीन विकायची नाही. पट्टी द्यायची, मात्र मागच्या घरांनी दोन गोष्टी मान्य कराव्यात. काठच्या चौघांच्या गेलेल्या जमिनीइतके भात प्रत्येक हंगामात सर्वांनी मिळून, क्षेत्राच्या प्रमाणात, त्यांना द्यावे. आणि जोळ पुन्हा सुरू करून दर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर दोन माणसांनी बांध पायी तपासावा. ज्या घरात माणूस नाही, त्याने मजुरी भरावी. मुंबईत, पुण्यात, परदेशात असलेल्यांनाही यातून सूट नाही. माझेही नाव त्या यादीत घालावे. भावाने ते गावकीपुढे ठेवले आहे. तीन घरांची हरकत आहे, बाकीच्यांची नाही. बोलणी चालू आहेत. असो.

या लेखाचे वाचक बहुतेक गावापासून दूर आहेत; कोणी दुसऱ्या राज्यात, कोणी दुसऱ्या देशात. आपल्यापैकी अनेकांच्या नावावर कोठे तरी काही गुंठे आहेत आणि ते कोणत्या तरी बांधाच्या आत आहेत. सातबारा आता घरबसल्या पाहता येतो, ही सोय मोठीच आहे. पण उताऱ्यावर बांधाची तब्येत लिहिलेली नसते. तेव्हा पुढच्या वेळी सुट्टीवर गावी जाल, तेव्हा एक सकाळ काढावी, जाणत्या माणसाला बरोबर घ्यावे आणि भरतीची वेळ विचारून आपल्या खारीच्या बाहेरकाठ्यावरून एक फेरी मारावी. मधे मधे थांबून खाली पाहावे. चिंबोरीचे बीळ दिसले तर तेथे टोपलीभर माती टाकायला फार वेळ लागत नाही.